आधी खळ्यात मोजा, मग दर्यावर उडवा

दिवाळी झाली की कुडाळ-मालवण पट्ट्यात ड्रोन बाहेर निघतात. लग्नांचे छायाचित्रकार, तारकर्ली-देवबागचे न्याहारी-निवासवाले, मोहोरलेली बाग वरून दाखवून हापूसची आगाऊ मागणी घेणारे बागायतदार, गावची जत्रा टिपून मुंबईच्या चाकरमान्यांना पाठवणारी पोरे, असे सगळेच. पहिल्या आठवड्यातच तक्रार कानावर येते: "खोक्यार एकतीस मिनटां लिवलली हत, माझो पंधरा मिनटांत खाली येता. बॅटरी गेली वाटता."

तक्रार खरी असते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष बहुतेकदा घाईचा असतो. माणूस हजारो रुपये मोजून नवी बॅटरी मागवतो आणि तीही सतराव्या मिनिटाला खाली येते. म्हणून माझ्याकडे कोणी असा ड्रोन घेऊन आला, की मी आधी त्याला एक वही करायला सांगतो. चोर वाऱ्यात आहे, पंख्यात आहे, की बॅटरीतच आहे, हे त्या वहीतले आकडे सांगतात. आपल्या भागात वारा आणि पावसाळा हे दोन चोर इतके मोठे आहेत, की बाकीचे त्यांच्यापुढे भुरटे म्हणावे लागतील.

सुरुवात खोक्यावरच्या आकड्यापासून करू. उदाहरणाला डीजेआयचा मिनी २ घेतो, कारण तो पुष्कळांच्या हाती आहे. वजन २४९ ग्रॅम, बॅटरी २२५० एमएएच, ऊर्जा १७.३२ वॉट-तास आणि उड्डाणवेळ ३१ मिनिटे. ही ३१ मिनिटे कंपनीने कशी मोजली तेही तिच्या माहितीपत्रकात दिले आहे: वारा अजिबात नसताना, सेकंदाला ४.७ मीटर या संथ, एकसारख्या वेगाने उडवून. म्हणजे नवी बॅटरी, पडलेला वारा, वर-खाली नाही, थांबणे-पळणे नाही. शिवाय हा आकडा बॅटरी पार रिकामी होईपर्यंतचा. शहाणा माणूस २०-२५ टक्के शिल्लक असताना ड्रोन खाली घेतो. ३१ मिनिटांचे तीन चतुर्थांश म्हणजे २३ मिनिटे. त्यातून थोडा वारा आणि थोडी धावपळ वजा करा. चांगल्या बॅटरीवर १९ ते २२ मिनिटे मिळत असतील, तर तुमच्या ड्रोनला काही झालेले नाही.

आणखी एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. जागच्या जागी तरंगणाऱ्या ड्रोनला हळू पुढे जाणाऱ्या ड्रोनपेक्षा थोडी जास्त शक्ती लागते. पुढे सरकताना पंख्यांना सतत न ढवळलेली, ताजी हवा मिळते. जागेवर थांबला की तो स्वतःच खाली ढकललेल्या हवेत झगडत राहतो. वर चढणे त्याहून महाग, आणि स्पोर्ट मोड सगळ्यांत महाग. लग्नाच्या वरातीवर दहा मिनिटे एकाच जागी उभा ठेवून मग झपकन वर नेणे, हा बॅटरी संपवण्याचा हमखास मार्ग आहे.

खळ्यातली चाचणी

घराचे खळे मोकळे असेल तर तिथे, नाहीतर माडांच्या आडोशाच्या एखाद्या पटांगणावर. वेळ सूर्योदयानंतरचा पहिला तास, पान हलत नसेल असा दिवस. बॅटरी त्याच पहाटे पूर्ण भरलेली हवी. ड्रोन दोन-अडीच मीटरवर उचला आणि हात काढून घ्या. कॅमेऱ्याने चित्रण करू नका, सावरण्यापुरतीच रिमोटची काठी हलवा. घड्याळ लावा आणि दर मिनिटाला पडद्यावरचा टक्का वहीत लिहा. ३० टक्के झाले की उतरवा.

आता हिशेब. शंभरावरून तीसवर यायला १९ मिनिटे लागली, तर पूर्ण बॅटरीला २७ मिनिटे पडतात, आणि तरंगत्या ड्रोनसाठी ते उत्तम आहे. १४ मिनिटे लागली, तर पूर्ण बॅटरी २० मिनिटांची. इथे खरोखर काहीतरी बिघडले आहे.

बॅटऱ्यांवर न पुसणाऱ्या शाईने १, २, ३ असे आकडे टाका आणि हीच चाचणी प्रत्येकीची घ्या. सगळ्या एकाच सकाळी जमल्या तर उत्तम. एक कमी आणि दोन ठीक, तर दोष त्या एका बॅटरीचा. तिन्ही सारख्याच कमी, तर ड्रोनकडे बघा. तीन बॅटऱ्या एकाच महिन्यात, एकाच प्रमाणात खराब होणे सहसा घडत नाही. ओळखीत दुसऱ्याकडे तेच मॉडेल असेल, तर त्याची बॅटरी तुमच्या ड्रोनमध्ये आणि तुमची त्याच्या ड्रोनमध्ये घालून पाहा. दोन सकाळींत निकाल लागतो, पैसा एकही जात नाही. आणि तिसरी शक्यता: खळ्यात सगळ्या बॅटऱ्या ठणठणीत, पण किनाऱ्यावर गेले की पंधरा मिनिटे. मग ना बॅटरी दोषी, ना ड्रोन.

टक्के कसे उतरतात तेही पाहा. निरोगी बॅटरीचा टक्का जिन्याने उतरल्यासारखा पायरीपायरीने खाली येतो. ४०वरून एकदम २२ झाला, तर ती बॅटरी पाण्यावर नेऊ नका.

वारो खंयसून येता?

खारे वारे आणि मतलई वारे शाळेच्या भूगोलात सगळ्यांनीच पाठ केले आहेत. दिवसा जमीन समुद्राहून लवकर तापते, म्हणून दर्यावरून जमिनीकडे खारा वारा वाहतो. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारा जमिनीकडून दर्याकडे जातो, तो सकाळी ऊन चढेपर्यंत टिकतो. हा धडा इथल्या प्रत्येक मच्छीमाराच्या अंगात भिनलेला असतो. ड्रोन उडवणाऱ्याने मात्र तो परीक्षेनंतर सोडून दिलेला असतो.

एक गणित करू. तुमचा ड्रोन हवेच्या मानाने सेकंदाला १० मीटर वेगाने जातो आहे. वारा सेकंदाला ६ मीटर आहे. तुम्ही वाऱ्याच्या दिशेने ६०० मीटर गेलात. वारा पाठीवर असल्याने जमिनीवरून पाहता वेग १६ मीटर, म्हणजे अडतीस सेकंदांत पोचलात. बॅटरी दोन-तीन टक्केही हलली नाही. आता परत फिरा. १०मधून ६ गेले, उरले ४. त्याच ६०० मीटरना १५० सेकंद, चौपट वेळ. वारा वाढून ८ झाला तर ३०० सेकंद. परतीच्या वाटेवर टक्का भराभर उतरतो, खाली कर्ली खाडीचे पाणी दिसते आणि घरी येऊन माणूस बॅटरीला शिव्या देतो.

यातली सर्वांत फसवी वेळ सकाळची. समुद्र आरशासारखा, प्रकाश कोवळा, काठावर वारा जाणवतही नाही. ड्रोन दर्याकडे सोडला की मतलई वाऱ्यावर तो अलगद पुढे जातो. परतताना तोच वारा तोंडावर. दुपारी याच्या उलट. देवबागसारख्या जिभेएवढ्या अरुंद पट्ट्यावर पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला कर्लीची खाडी. दुपारी तीन-चारला खारा वारा भरात असताना ड्रोन खाडीकडे नेलात, तर परतीचा सगळा प्रवास वाऱ्याशी कुस्ती खेळत करावा लागतो. त्याच वेळी तो समुद्राकडे नेलात, तर जाताना कष्ट आणि येताना मदत. म्हणून नियम पाठ करा: जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. आधीच्या कष्टाचे पैसे भरलेल्या बॅटरीतून द्यावेत, रिकाम्या होत आलेल्या बॅटरीतून नव्हे.

वारा बघायला माडासारखे साधन नाही, पण त्यात एक मेख आहे. माडांच्या खाली तुम्ही उभे असता तिथे वारा अडलेला असतो. शेंडे ओलांडले की तो अंगावर येतो, आणि साठ मीटरवर आणखी जोर धरतो. म्हणून झावळ्यांची टोके पाहा, नांगरलेल्या होडीवरचा बावटा पाहा. ड्रोन माडांच्या वर नेऊन दहा सेकंद सोडून द्या: तो एका बाजूला किती कलून उभा राहतो, त्यावरून त्याला किती झगडावे लागते आहे ते कळते. मिनी २ सेकंदाला साडेआठ ते साडेदहा मीटर वाऱ्यापर्यंत तग धरतो असे कंपनी सांगते. पण तग धरणे वेगळे आणि ३१ मिनिटे उडणे वेगळे.

घरी परतण्याच्या सोयीचाही, म्हणजे आरटीएचचा, याच्याशी जवळचा संबंध आहे. बॅटरी कमी झाली की ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीवर चढतो आणि मग सरळ परत येतो. ती उंची तुम्ही विनाकारण १०० मीटर ठेवली असेल, तर थकलेल्या बॅटरीला आधी चढ चढावा लागेल आणि मग वरच्या जोरदार वाऱ्यात यावे लागेल. आजूबाजूला माडांपेक्षा उंच काही नसेल तर ४० मीटर पुरतात. डोंगर किंवा मोबाइलचा मनोरा असेल तर अर्थातच त्याच्यावर. उलट वारा फार असेल तर आरटीएचवर विसंबू नका. स्वतः ड्रोन खाली, माडांच्या उंचीच्या जवळ आणा. तिथे वारा कमी असतो. होडीतून उडवणाऱ्यांनी हे विसरू नये की ड्रोन 'घर' म्हणून उड्डाणाची जागा लक्षात ठेवतो. होडी तोवर दोनशे मीटर पुढे गेलेली असते आणि ड्रोन पाण्यावर परत येतो.

टक्का अगदीच तळाला गेला की ड्रोन आपोआप उतरू लागतो आणि ते उतरणे रद्द करता येत नाही. पण दिशा तुमच्याच हातात असते. घाबरून काठ्या सोडू नका. वर जाण्याची काठी पुढे दाबून उतरण्याचा वेग कमी करा आणि काठाकडे वळवा. ओल्या वाळूपर्यंत आला तरी पुष्कळ.

राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने ९ जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने गस्त सुरू केली आणि सिंधुदुर्गासाठी देवगडची निवड झाली. तेव्हापासून आपणही दूरवर जाऊ शकतो असे काही तरुणांना वाटू लागले आहे. त्या कामाची यंत्रे आणि ती चालवणारी माणसे वेगळ्या तयारीची असतात. पावशेराच्या ड्रोनने त्यांच्यामागे जाऊ नये.

पंखे, वाळू आणि लादलेले ओझे

खळ्यातल्या चाचणीत सगळ्याच बॅटऱ्या कमी भरल्या, तर ड्रोन उलटा करून बसा. पंख्याच्या पात्याच्या कडेवरून बोट फिरवा. नखाला अडेल एवढी खाच असली तरी ते पाते बदला, आणि एकट्याला नव्हे, त्या मोटरवरची जोडी बदला. पाती स्वस्त आहेत. वाकलेल्या पात्याची भरपाई मोटर बॅटरीतून करत राहते. मग ड्रोन बंद असताना एकेक मोटर बोटाने फिरवा. चारही सारख्या सैल फिरायला हव्यात. एखादी करकरली किंवा लवकर थांबली, तर तिच्यात वाळू आहे. उड्डाणानंतर लगेच मोटरींना हात लावून पाहणे ही दुसरी खूण: तीन कोमट आणि एक चटका देणारी असेल, तर तीच जास्त खाते आहे.

वाळूबद्दल जरा थांबून सांगायला हवे. मालवण ते रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाळूत इल्मेनाइटसारखी काळी, जड खनिजे मिसळलेली आहेत. जुन्या स्पीकरचे लोहचुंबक कागदात गुंडाळून त्या वाळूत फिरवा, काळ्या कणांची दाढी उगवते. ड्रोनच्या प्रत्येक मोटरीत शक्तिशाली चुंबके असतात. वाळूवरून थेट उड्डाण केले की पंख्यांच्या झोताने उडालेले हे कण आत जाऊन बसतात आणि नुसत्या फुंकरीने निघत नाहीत. म्हणून किनाऱ्यावर नेहमी चटई, ताडपत्रीचा तुकडा किंवा गाडीतला रबरी पायपोस अंथरा. कण गेलेच असतील, तर चिकटपट्टीचे टोक किंवा मऊ कुंचला वापरून काढा. तेल घालू नका. तेलाला आणखी वाळू चिकटते.

खाऱ्या हवेचा मारा बॅटरीच्या संपर्कपट्ट्यांवर होतो. पितळी पट्टीवर हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि चिकटपणा आणणारी द्रव्ये असतात. सॅंडपेपर तर मुळीच नको. वरचा मुलामा गेला की गंज दुप्पट वेगाने लागतो.

वजनाचा हिशेब कडक असतो. तरंगायला लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताने वाढते. साध्या भाषेत, वजन १० टक्के वाढले तर शक्ती साधारण १५ टक्के जास्त लागते. २४९ ग्रॅमच्या ड्रोनवर पंख्यांचे कुंपण, चमकणारा दिवा आणि पाण्यावर उतरण्याचे पाय असे मिळून २५ ग्रॅम चढवले, की ३१ मिनिटांची २७ होतात. लग्नाच्या मांडवात कुंपण हवेच असेल तर लावा, पण मोकळ्या दर्यावर ते काढून ठेवा. ते वाराही अडवते. फवारणीच्या मोठ्या ड्रोनवर हाच नियम उघड दिसतो: टाकी भरलेली असताना बॅटरी भराभर उतरते, फवारा संपत येतो तशी सावरते. म्हणूनच बचत गटांच्या महिलांसाठीच्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेच्या संचात जादा बॅटऱ्या आणि वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र धरलेले आहे. वारा मोजणारे ते यंत्र छोट्या ड्रोनवाल्यांनीही विकत घ्यावे. त्याच्याइतका फायदा दुसऱ्या कुठल्या खर्चाने होत नाही.

बॅटरीच्या पोटात

आता दोष बॅटरीचाच ठरला असे धरू. जुन्या बॅटरीचे काय होते ते वैशाखातल्या विहिरीवरून कळते. झरा गाळाने भरलेल्या विहिरीत सकाळी पाणी वर दिसते. पंप लावला की दहा मिनिटांत फुटव्हॉल्व्ह उघडा पडतो. पंप बंद करा, तासाने पाणी पुन्हा वर. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध असाच वाढलेला असतो. टेबलावर ती शंभर टक्के दाखवते, ड्रोनने जोरात ओढले की विद्युतदाब खाली कोसळतो, ड्रोन घाबरून उतरू लागतो, आणि खाली ठेवल्यावर ती पुन्हा २५ टक्के दाखवते. अशा बॅटरीने खळ्यात काम भागते. वाऱ्यात, जिथे जोर लागतो, तिथे ती दगा देते.

अ‍ॅपमध्ये बॅटरीच्या पानावर प्रत्येक सेलचा विद्युतदाब आणि आजवरची चार्जिंगची आवर्तने दिसतात. साध्या लिथियम-पॉलिमर सेलचा पूर्ण भरल्यावरचा दाब ४.२ व्होल्ट, मिनी २सारख्या उच्च दाबाच्या सेलचा ४.४. आकड्यापेक्षा सेलमधला फरक महत्त्वाचा. उड्डाणानंतर अर्धा तास थांबून पाहा: दोन सेलमध्ये ०.१ व्होल्टहून अधिक तफावत राहत असेल, तर एक सेल थकली आहे आणि दुसरी तिला ओढते आहे. क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर आली की बॅटरी निवृत्तीला आली, असे या क्षेत्रात साधारणपणे मानतात. आवर्तने दोनशे-तीनशेच्या पुढे गेली असतील, तर तक्रार न करता तिला जमिनीलगतच्या कामाला लावा.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. मिनी २ची भरलेली बॅटरी पडून राहिली तर स्वतःहून रिकामी होऊ लागते: एका दिवसात ९६ टक्क्यांवर, पाच दिवसांत ७२वर. फुगू नये म्हणून ती तशी बनवली आहे, आणि त्या वेळी थोडी गरम लागते हेही ठीकच. इतर मॉडेलांत दिवसांचे आकडे वेगळे असतील, तत्त्व तेच. गुरुवारी चार्ज करून मंगळवारच्या लग्नाला नेलेली बॅटरी म्हणूनच कमी भरते. उपाय: आदल्या रात्री चार्ज करा. कमी ताकदीचा मोबाइल चार्जर लावल्याने बॅटरी अर्धी भरते, हाही गैरसमजच. ती भरते पूर्ण, फक्त वेळ जास्त लागतो. मात्र वीज मध्येच गेली असेल तर सकाळी दिवे मोजून खात्री करा.

उष्णतेचे नियम थोडे आणि पक्के आहेत. उड्डाणावरून आलेली बॅटरी हाताला गार लागेपर्यंत, निदान अर्धा तास, चार्जरला लावू नका. कंपनीने चार्जिंगसाठी ५ ते ४० अंशांची मर्यादा दिली आहे आणि उतरलेली बॅटरी ती सहज ओलांडते. मे महिन्यात मालवणच्या बंदरावर उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत बॅटरी ठेवू नका. जेवायच्या डब्याच्या जाड पिशवीत, सावलीत, कोरडी ठेवा. बर्फाच्या शेजारी नको, आत दव धरते. चार्ज करताना बॅटरी लादीवर किंवा चिऱ्याच्या कट्ट्यावर असावी, गादीवर किंवा लाकडी टेबलावर नाही, आणि घरात माणूस जागे असावे. वळवाच्या किंवा परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की चार्जर भिंतीतून काढून घ्या.

होडीसारखी शाकारा

१ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याआधीच होड्या किनाऱ्यावर ओढून, झावळ्यांनी आणि ताडपत्रीने शाकारून ठेवल्या जातात. इंजिन धुऊन, तेल देऊन उतरवले जाते. कोणी होडी तशीच वाळूवर सोडून देत नाही. ड्रोन मात्र मेअखेरच्या शेवटच्या लग्नावरून येतो आणि पिशवीसकट माळ्यावर जातो, तो थेट ऑक्टोबरात निघतो. माझ्या वहीत जितक्या बॅटऱ्या कायमच्या गेल्याची नोंद आहे, त्यांतल्या बहुतेक आकाशात गेलेल्या नाहीत. त्या या चार महिन्यांत, कपाटात गेल्या.

त्या दोन प्रकारे जातात. पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी उच्च दाबावर, दमट उष्म्यात पडून राहते. आतल्या द्रावाचे विघटन होऊन वायू तयार होतो आणि ती फुगते. ज्यांच्यात आपोआप रिकामे होण्याची सोय नाही, त्या साध्या बॅटऱ्यांना हा धोका सर्वांत जास्त. पूर्ण रिकामी ठेवलेली बॅटरी हळूहळू आणखी खाली जाते. सेलचा दाब फारच उतरला की आतल्या तांब्याच्या पत्र्याचे कण विरघळतात, आणि पुढे चार्ज केल्यावर तेच आत शॉर्टसर्किट घडवू शकतात. म्हणून ऑक्टोबरात मेलेली बॅटरी कुठल्याशा जुगाडी चार्जरने 'उठवून' देणाऱ्याकडे नेऊ नका. काही बॅटऱ्या अगदी कमी दाबावर स्वतःहून निद्रेत जातात, त्या कंपनीच्याच चार्जरवर थोड्या वेळात जाग्या होतात. तेवढी एक संधी द्या, त्यापुढे नाही.

शाकारायची रीत सांगतो. शेवटच्या उड्डाणानंतर बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास आणा, साध्या बॅटरीत दर सेल ३.८ व्होल्टच्या जवळ. ती ड्रोनमधून बाहेर काढा. आत राहिली तर थोडी थोडी गळत राहते. पट्ट्या पुसून कोरड्या करा. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात तळाला कापड, त्यावर बॅटऱ्या एकमेकींना पट्ट्या न लागता, आणि सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या महिन्याने बदला किंवा तव्यावर मंद गरम करून पुन्हा वापरा. तांदळात ठेवू नका, त्याची धूळ पट्ट्यांत जाते. डबा माळ्यावर नको: पत्र्याखाली उघडीप पडली की भट्टी होते. घरातली सर्वांत थंड, कोरडी खोली शोधा. चुलीच्या भिंतीलगत नको आणि काजूबिया, सुकी शाकार यांच्या शेजारीही नको. वहीत तारीख आणि टक्के लिहा. नागपंचमीला आणि गणपतीला एकदा उघडून पाहा. ३० टक्क्यांखाली गेली असेल तर पुन्हा ५०पर्यंत भरा. तीन महिन्यांनी एकदा पूर्ण भरून, नीट वापरून रिकामी करण्याचा सल्ला मिनी २साठी कंपनी देते. पावसात उडवता येत नसेल तर ड्रोन पंख्यांशिवाय नुसता चालू ठेवून ती उतरवा. खोलीत हवा खेळती ठेवा, तो तापतो.

फुगलेली बॅटरी कितीही थोडी फुगलेली असली तरी पुन्हा लावायची नाही. ती ड्रोनच्या कप्प्यात नीट बसत नाही आणि हवेतच निसटू शकते. भोसकणे, दाबणे, उघडणे बंद. समुद्रात किंवा खाडीत पडलेल्या बॅटरीचेही तेच: खारे पाणी आत गेले की ती दोन दिवसांनीही पेट घेऊ शकते. सापडली तरी घरात आणू नका, उघड्यावर, कोरड्या रेतीच्या बादलीत, गवतापासून दूर ठेवा. भंगारवाल्याच्या पोत्यात किंवा कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ई-कचरा घेणारे अधिकृत केंद्र शोधून तिथेच द्या.

नवी घेताना सावध राहा. तयार ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, त्यामुळे परदेशी ड्रोनच्या अस्सल बॅटऱ्या सहज मिळत नाहीत आणि जुन्या सेलवर नवे कवच चढवलेला माल बाजारात फिरतो. त्याच आकाराच्या बॅटरीवर दुप्पट एमएएच छापलेले असेल तर हात लावू नका. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला: वजन मूळ बॅटरीएवढे भरायला हवे. ड्रोनमध्ये लावून आवर्तनांचा आकडा पाहा, आणि विकत घेतल्याच्या पहिल्याच सकाळी खळ्यातली चाचणी करा, परत देण्याची मुदत असेपर्यंत.

कुठेही उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय नकाशा बघा. चिपी विमानतळाभोवतीची बंधने परुळे-निवतीकडे जाणाऱ्याला लागतात, आणि सिंधुदुर्ग किल्ला केंद्र संरक्षित स्मारक आहे, तिथे परवानगीशिवाय ड्रोन नाही.

ऑक्टोबरात डबा उघडाल तेव्हा पहिले उड्डाण देवबागला करू नका. बॅटऱ्या भरा, तासभर गार होऊ द्या, दिव्यासमोर आडव्या धरून कुठे फुगवटा आहे का ते पाहा. मग खळ्यात, गुडघाभर उंचीवर, पाच मिनिटे तरंगवा. उतरवून सेलचे दाब वाचा आणि ते आकडे वहीत मेच्या आकड्यांच्या शेजारी लिहा.